काचेवरचं कुंकू

लग्न होऊन लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर आले तेव्हा मला दोन गोष्टींची भीती वाटायची. एक विहिरीची, कारण आमच्या किनवटकडच्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि इथं वाकून बघितलं तर नुसता काळा खोल आड. दुसरी भीती अशी, की या घरातलं कुणीतरी एक दिवस मला सांगेल, जा बाई आता तुझ्या घरी. पहिली भीती महिन्याभरात गेली. दुसरी पुष्कळ दिवस राहिली, आणि तिच्यापायी मी एकदा जे करून बसले ते आज लिहून ठेवते.

जायला घर असं मला राहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. शाळा सुटली, दोन धाकटे भाऊ आणि चूल माझ्याकडं आली. पुढं वडलांनी दुसरं लग्न केलं आणि त्या घरात मी जास्तीची झाले. एक चुलता वालचंदनगरला कामाला होता, त्यानं हे स्थळ आणलं. एक नारळ, एक पातळ आणि मी, एवढ्यावर या लोकांनी मला करून घेतलं. आगगाडी, मग एसटी, मग दुसरी एसटी असं करत आले तेव्हा वाटेतच ठरवलं होतं, इथं कुणाला नाही म्हणून म्हणायचं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. उंच, सावळ्या, बोलणं कमी. माझ्या बोलण्यात "कामून" यायचं, "करायलाव" यायचं, आणि पाण्याला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्याबाई एकदा घागर घासता घासता म्हणाल्या, "तिच्या मुलखाची भाषा हाय ती. तुमची काय लंडनची हाय व्हय?" त्यानंतर हसणं थांबलं नाही, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. मी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं की आमच्याकडं अंबाडीची भाजी फार. पुढच्या पंधरा दिवसांत गोठ्याच्या मोरीचं पाणी जातं तिथं त्यांनी अंबाडीचं बी टाकलेलं मी बघितलं. मला सांगितलं मात्र नाही. पानं वर आल्यावर फक्त म्हणाल्या, "खुड तुला पायजे तवा." आजही अंबाडी निवडताना मी पाटीवर मान घालून बसते, म्हणजे डोळे कुणाला दिसत नाहीत.

घरात मामंजी, आत्याबाई, आम्ही दोघं, थोरल्या जाऊबाई विमलअक्का आणि त्यांची तीन वर्षांची पिंकी. माझे मालक कारखान्यात पाळीवर जायचे. अक्कांचे मालक, थोरले भाऊजी दत्ता, लष्करात होते. मी त्यांना एकदाच धड बघितलं होतं, माझ्या लग्नानंतरच्या सुट्टीत. तेव्हा त्यांनी लष्कराच्या कॅन्टीनमधून रंगीत टीव्ही आणला होता. एसटीतून उतरून तो खोका त्यांनी बांधावरून चालत खांद्यावर आणला. मी पडवीत उभी होते. आत्याबाई ओरडत सामोऱ्या धावल्या, "उजवीकडं घिऊ नगंस रं बाबा!" आणि ते हसत म्हणाले, "डाव्याच खांद्यावर हाय, आई. तू बघ तरी." लहानपणी उसाच्या गाडीवरून पडून त्यांची उजव्या खांद्याची हासळी मोडली होती. हाड चांगलं बसलं होतं, भरतीच्या डॉक्टरालाही काही दिसलं नव्हतं, पण आईच्या मनात ते मोडकंच राहिलं होतं.

वस्तीवर रंगीत टीव्ही आमचा एकट्याचाच. केबलची तार वालचंदनगरच्या बाजूनं बाभळीवरून, लाइटच्या खांबावरून लोंबत आमच्यापर्यंत यायची. विमलअक्कांनी टीव्हीवर घालायला पांढऱ्या दोऱ्याचा रुमाल विणला होता. संध्याकाळी धारा काढून डेअरीला दूध घातलं की माणसं रिकाम्या किटल्या घेऊन परस्पर आमच्या पडवीत यायची. शेणाचा, पेंडीचा आणि तापलेल्या दुधाचा वास, आणि मधे हे निळं उजेडाचं खोकं. लढाई सुरू व्हायच्या आधी त्यात सिनेमे आणि मालिकाच असायच्या.

कारगिलचं नाव आम्ही पहिल्यांदा त्या खोक्यातच ऐकलं. सुरुवातीचे दोन-चार दिवस माणसं साधं बोलत होती. मामंजी म्हणाले, "बसून मिटवावं त्येंनी. पोरं कशाला घालवायची?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आत्याबाई तर सरळ म्हणाल्या, "माझं पोरगं माघारी आणा म्हणावं. बास झाली नोकरी." त्यावरही कुणी वावगं बोललं नाही. आईनं दुसरं काय म्हणावं?

पण केबलवर एक हिंदी बातम्यांची वाहिनी होती, दिवसभर तेच. आधी नगाऱ्यासारखा आवाज, मग डोंगराचा नकाशा, त्यावर लाल बाण, मग बातम्या सांगणाऱ्याचा चढा सूर. मधेच तोफ उडायची आणि पिंकी कानांवर हात ठेवायची. पंधरवडाभर हे बघितल्यावर माणसांचे सूर त्या बातमीवाल्यासारखे झाले. शेजारचे पोपटतात्या डेअरीत दुधाचा फॅट तपासायचे, पुण्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते. ते किटली उपडी घालून तिच्यावर बसायचे आणि हातातल्या बिडीनं हवेत डोंगर काढून दाखवायचे. "हितनं चढायचं. हितं गाठायचं. आन् मग थांबायचं न्हाय, पार आत घुसायचं!" मामंजी एकदा मिटवामिटवीचं बोलायला गेले तर तात्या म्हणाले, "आबा, पोरगा फौजंत आन् तुमी असं बोलता? टीव्ही बघता का झोपता?" पडवी हसली. मामंजी पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. कुणाचं मत कधी बदललं हे मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की जे बोलणं पहिल्या आठवड्यात शहाणपणाचं होतं तेच चौथ्या आठवड्यात लाजेचं झालं, आणि मधे घडलं काय तर रोज तो नगारा वाजला.

भाऊजींचं पत्र येऊन दीड महिना झाला होता. घरातली पत्रं मी वाचायची आणि मीच लिहायची, त्यामुळं पोस्टमनची सायकल दिसली की सगळ्यांच्या आधी मीच हात पुसत उठायची. वाईट बातमी आली तर ती माझ्याच तोंडून निघणार. त्यांच्या पत्त्यात गावाचं नाव कधी नसायचंच. नुसते आकडे. आत्याबाई विचारायच्या, "ह्या आकड्याचं गाव कुठं आलं गं?" मी म्हणायचे, "वर कुठंतरी." वर म्हणजे डोंगरात की नुसतं उत्तरेला, ते मला तरी कुठं माहीत होतं?

हळूहळू आत्याबाईंचं जेवण सुटलं. पान वाढलं की भाकरीचा कोर मोडायच्या, आमटीत बुडवायच्या आणि तो पिंकीला भरवायच्या. हुलग्याची शेंगोळी त्यांना फार आवडायची, ती केली, तीही तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी धार काढून उठताना त्या दावणीला धरून खाली बसल्या. बादली मी धरली. हात लागला तर अंग गार. त्या क्षणी मला जे भय वाटलं ते माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांतलं होतं. ही बाई गेली तर या मुलखात माझं कोण?

त्या संध्याकाळी बातम्यांत जवान चढताना दाखवले. दगडांची वाट, एकापाठी एक पोरं, खांद्यावर खोकी. त्यातला एक कॅमेऱ्यापाशी आला तसा मान वळवून हसला आणि पुढं गेला. सगळं मिळून चार श्वासांचं चित्र. आणि मी दारातून ओरडले, "आत्याबाई, भाऊजी! भाऊजीच ते!"

ते भाऊजी नव्हते. मला ते ओरडतानाही ठाऊक होतं. भाऊजींचा जबडा रुंद, या पोराची हनुवटी बारीक. पण लोखंडी टोप, कपाळापर्यंत धूळ, आणि पडवीत पंचवीस माणसं ते आपलेच असावेत म्हणून टपलेली. "व्हय की! दत्ताच!" पोपटतात्या उठून उभे राहिले. "हसणं बघा की, डिट्टो त्येचंच!" विमलअक्कांनी पिंकीला टीव्हीसमोर धरलं, "तुजं पप्पा, ते बघ!" आणि आत्याबाई कधी उठल्या, कधी निरांजन लावलं कळलं नाही. वाहिनीनं ते चित्र थोड्या वेळानं पुन्हा दाखवलं तेव्हा त्यांनी टीव्हीला ओवाळलं आणि काचेवर कुंकवाचं बोट लावलं. काचेतून चुर्र आवाज आला. मग त्या आत आल्या आणि दीड भाकरी खाल्ली. मी ताटाशी बसून एकेक घास मोजला. खोटं बोलल्याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

ते चित्र वाहिनी रोज दाखवायची. बातमी कसलीही असो, मागं तेच पोरगं चढायचं आणि हसायचं. आत्याबाई रोज ओवाळायच्या. सकाळी काच ओल्या फडक्यानं पुसायचं काम माझं. वीस-बावीस दिवस मी ते कुंकू पुसलं आणि रोज ठरवलं, आज सांगायचं. पण लासुर्ण्याहून, कळंबहून माणसं टीव्ही बघायला यायला लागली. शाळेत बोलावून आत्याबाईंची खणानारळानं ओटी भरली. तिथं बाईंनी सहज विचारलं, "आई, काय वाटतं?" आत्याबाई माईकपुढं म्हणाल्या, "माझं पोरगं माघारी यावं, दुसरं काय?" पोपटतात्यांनी पुढं होऊन माईक आपल्याकडं ओढला. "पराक्रम गाजवून यावं, असं म्हणायचंय त्यांना!" टाळ्या पडल्या. परत येताना ते त्यांना म्हणाले, "वैनी, आता असं बोलत जाऊ नगा. आख्खा मुलूख बघतोय दत्ताला." आत्याबाई ओटीचा नारळ पदरात सावरत चालत राहिल्या. मी त्यांना जेवायला लावलं होतं खरं, पण त्यांची घाबरायची मुभाही माझ्यापायी गेली होती, हे मला त्या बांधावर पहिल्यांदा कळलं.

मग ती दुपार आली. उन्हाची वेळ, मामंजी कालव्याच्या पाण्यावर गेलेले, मालक कारखान्यात. मी शेंगा फोडत होते, विमलअक्का पिंकीला थोपटत होत्या, टीव्ही नुसताच चालू होता. नगारा वाजला नाही. त्याऐवजी सनईसारखं संथ, रडवेलं काहीतरी लागलं. निवेदिका म्हणाली, एका शिखरावर काही जवान शहीद झाले, नावं घरच्यांना कळवल्यावर सांगू. आणि मागं तेच चित्र, या वेळी सावकाश केलेलं. पोरगं मान वळवायलाच इतका वेळ लावत होतं, की ते हसण्याच्या आतच विमलअक्का किंचाळल्या.

अर्ध्या घटकेत अंगण भरलं. पोपटतात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. शेजारच्या गोदामावशींनी चुलीवर पाणी ओतलं. त्यांच्याकडं वस्तीवरच्या सगळ्या जन्ममरणाचा कारभार असे. कुणी म्हणालं, मयताचं अंग येईपर्यंत थांबावं. मावशी म्हणाल्या, "अंग कवा यायचं? कानावर आलं की सुतक लागतं, ही रीत हाय. आन् आता तर डोळ्यानं बघितलंय." त्यांनी विमलअक्कांना उंबऱ्यावर बसवलं, हात धरला आणि मला म्हणाल्या, "वरवंटा आण."

बांगड्या फोडायला. मी आत गेले, वरवंटा उचलला आणि पाट्यापाशी उभी राहिले. बाहेर अक्का ओरडत होत्या, "नगा, नगा, एकदा पत्र येऊ द्या!" आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांचे डोळे कुठंच नव्हते. बांगड्या एकदा फुटल्या की त्या कुणाला सांधता येणार? नवरा जिता असताना कपाळ पुसलं तर ही बाई पुढं आरशात कशी बघणार? आणि मी तोंड उघडलं तर किनवटची एसटी. इतकी वर्षं झाली, तो वरवंट्याचा गार दगड हाताला अजून आठवतो.

मी बाहेर आले आणि वरवंटा घट्ट पोटाशी धरून म्हटलं, "ते भाऊजी नाहीत. मी खोटं बोलले होते. आत्याबाई जेवत नव्हत्या म्हणून."

 मग गोदामावशी हळू म्हणाल्या, "भेदरलंय लेकरू. घ्या तिच्या हातातनं."

"मावशी, खरंच नाहीत ते!"

"अगं, तूच वळखलंस की पयल्यांदा!" पोपटतात्या रडत होते, खरोखरचे. "आन् टीव्ही काय खोटं दावंल व्हय? दिल्लीचा टीव्ही हाय त्यो!"

पंचवीस माणसांत माझ्या शब्दाला काही वजन नव्हतं, आणि त्या पडद्याला होतं. मला दुसरं काही सुचेना. वरवंटा तसाच धरून मी पडवीत गेले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. एकदम शांत झालं. इतक्या दिवसांत ते चालू खोकं कधी मुकं झालं नव्हतं. मी आत्याबाईंचे खांदे धरले, "नुसतं बघा. एकदाच. मग मला घालवून द्या." त्यांना समोर बसवलं. बराच वेळ साबणाच्या, टायरच्या जाहिराती मुक्यानंच हलत राहिल्या. गोदामावशी अक्कांचा हात धरून दारात उभ्या होत्या, त्यांनी तो सोडला नव्हता. मग पुन्हा ती दगडांची वाट आली.

बिनसुराचं ते चित्र अगदीच साधं होतं. दमलेली पोरं ओझं घेऊन चढत होती, एवढंच. ते पोरगं वळलं, हसलं, गेलं. आत्याबाई गुडघ्यावर पुढं सरकल्या. "परत लाव." मी म्हटलं, "ते लावतात, आपल्याला नाही लावता येत." त्या बसून राहिल्या. कितीतरी वेळानं ते पुन्हा आलं तेव्हा त्यांनी काचेवर बोट टेकलं, कुंकू लावायच्या त्याच जागी.

"उजव्या खांद्यावर हाय खोकं," त्या म्हणाल्या. "माझ्या दत्तानं उभ्या जन्मात उजव्या खांद्यावर ओझं घेतलं न्हाय." आणि मागं न बघता म्हणाल्या, "गोदे, सोड तिचा हात. ह्यो माझा न्हाय."

मी त्या पोराच्या खांद्याकडं कधी बघितलंच नव्हतं. आत्याबाईंनीही नाही, आवाज असताना कुणालाच तो दिसला नव्हता. पोपटतात्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मला वाटलंच हुतं, हनुवटी बारीक हाय!" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, रडता रडता. गोदामावशी म्हणाल्या, "चूल पेटवा, साखर आणा, च्या ठिवा." विमलअक्का माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांच्या हिरव्या बांगड्या माझ्या मानेला रुतल्या. भाऊजींचं पत्र आठवड्याभरानं आलं. ते सपाटीवर एका ठिकाणी ट्रकची इंजिनं उतरवत होते, डोंगर त्यांनी लांबूनही बघितला नव्हता. वस्तीला त्याचा थोडा हिरमोडच झाला.

पण त्या दुपारी आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. मावशी चुलीकडं निघाल्या तशा आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज चूल पेटवायची न्हाय."

"का गं? तुजा न्हवं म्हणतीस ना?"

"माझा न्हाय. मग कुणाचा हाय?"

मावशींनी हातातली काडेपेटी खाली ठेवली. "त्येच्या आईला अजून कळलं नसंल," आत्याबाई म्हणाल्या. "ती कुठंतरी भाकरी थापत असंल. वीस दीस मी ओवाळला त्येला. कुणी तरी धरायला पायजे सुतक." माणसं एकेक करून किटल्या उचलून गेली. आम्ही त्या दिवशी पिंकीला दूध दिलं आणि बाकीचे तसेच राहिलो. मला त्या एवढंच म्हणाल्या, "जेवू घालण्यासाठी खोटं बोललीस. माझं लेकरू असतं तर त्येनंबी तसंच केलं असतं. पर परत करू नगंस." घालवून देण्याचा विषय त्यांच्या मनातही आला नव्हता. मी दोन वर्षं एकटीच त्याला भीत होते.

पुढं भाऊजी सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाहिनीवाले जुनंच चित्र कुठंबी जोडत्यात. त्यो पोरगा जित्ता आसंल, कुणाला ठावं?" असेल. आता त्याचेही केस पिकले असतील. हल्ली माझ्या मुलाच्या मोबाईलवर कुठली ना कुठली लढाई चालूच असते, तोच नगारा, तेच बाण. मी त्याला म्हणते, आवाज बंद कर आणि मग बघ. तो हसतो.

सुतकाच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला आंतरदेशीय पत्र घेऊन बसवलं आणि सांगितलं तसं मी लिहिलं. "ताई, तुमचा पोरगा मी माझा समजून रोज ओवाळला. त्यात कमी काही केलं नाही. त्याच्या वाटणीची एक भाकरी रोज काढून ठेवत होते. एवढं तुम्हाला कळावं." पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. आमच्याकडं निदान आकडे होते. आत्याबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली सरकवलं.

"त्यो परत दिसला," त्या म्हणाल्या, "की त्येलाच इचारू, कुठं धाडायचं."

वाहिनीनं ते चित्र पुन्हा दाखवलं नाही. आत्याबाई मात्र रोज संध्याकाळी, बातम्या लागल्या की, माझ्याकडं बघायच्या, आणि मी उठून आवाज बंद करायची.